थंडीत घोडं पेंड कुठं खातं?

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात जानेवारीत पारा उणे २५ अंशांवर उतरतो, तेव्हाही कुंपणापलीकडे घोडे उघड्यावर उभे असलेले दिसतात. वाऱ्याकडे पाठ, शेपटी मांड्यांमध्ये घट्ट दाबलेली, आणि पाठीवर बोटभर बर्फ. आपल्याकडून गेलेल्या माणसाचा जीव कळवळतो. या मुक्या जनावराला आत घ्यायला कुणी नाही का? पण तो पाठीवरचा बर्फ नीट पाहा. तो वितळत नाही, म्हणजे आतली ऊब केसांच्या बाहेर पडतच नाही. काळजी करायची ती ज्याच्या पाठीवरचा बर्फ वितळून अंग भिजलं आहे, त्या घोड्याची.

याच अल्बर्टात १९८० च्या दशकात संशोधकांनी मोजमाप केलं. प्रत्येक उष्ण रक्ताच्या प्राण्याला थंडीची एक सीमारेषा असते. तिच्या वर शरीर रोजच्या उष्णतेवर भागवतं, तिच्या खाली ऊब टिकवण्यासाठी जादा इंधन जाळावं लागतं. उघड्या अंगाच्या माणसाची ही रेषा साधारण २७-२८ अंशांवर असते. थंडीला सरावलेल्या, अंगावर हिवाळी केस आलेल्या प्रौढ घोड्यांची निघाली उणे १५ अंश. त्याच घोड्याचे केस कापा किंवा त्याला उबदार तबेल्यातून एकदम बाहेर काढा, की ती पार ५ अंशांच्या आसपास चढते. शरीर सरावायला दोन-तीन आठवडे घेतं. एकाच कुरणात शेजारी उभ्या असलेल्या दोन घोड्यांच्या थंड्या वेगळ्या असू शकतात, हे पहिल्यांदा घोडा पाळणाऱ्याच्या पटकन लक्षात येत नाही.

हिवाळी केसांची तयारी थंडीने सुरू होत नाही. जूननंतर दिवस लहान होऊ लागले, की मेंदूला ते डोळ्यांवाटे कळतं आणि संप्रेरकांची गणितं बदलतात. म्हणूनच रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या तबेल्यातल्या घोड्याला दाट केस येत नाहीत. थंडी वाजली की प्रत्येक केस मुळाशी ताठ होतो आणि केसांच्या मधे हवेचा थर अडकतो. खरं पांघरूण ती हवा. पावसाने किंवा घामाने केस चपटे झाले की हवा गेली आणि पांघरूणही गेलं. उणे १० अंशांतल्या कोरड्या शांत दिवसापेक्षा ३-४ अंशांतला वारा आणि भिजपाऊस घोड्याला जास्त छळतो, तो यामुळेच.

मग झूल घालावी की नाही? पातळ झूल केस दाबून टाकते आणि ऊब मात्र पुरेशी देत नाही, म्हणजे घोडा आधी होता त्याहून वाईट अवस्थेत जातो. नॉर्वेतल्या काही संशोधकांनी हा प्रश्न सरळ घोड्यांनाच विचारला. त्यांनी २३ घोड्यांना तीन फलक ओळखायला शिकवले: झूल घाला, झूल काढा, आहे तसंच राहू दे. रोज दहा-पंधरा मिनिटांच्या सरावाने दोन आठवड्यांत सगळे घोडे शिकले. मग वारा-पावसाच्या दिवशी ते नाकाने ‘घाला’ दाखवू लागले आणि कोवळ्या उन्हात ‘काढा’. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मालकांनी वर्षानुवर्षं घातलेल्या वादावर घोड्यांनी दिलेलं हे उत्तर मला फार आवडतं. सारांश इतकाच की म्हातारा, हडकुळा, केस कापलेला किंवा आडोसा नसलेला घोडा असेल तर झूल हवी. धडधाकट केसाळ घोड्याला वारा अडवणारी तीन भिंतींची शेड पुरते.

थंडी इतकी सोसवत असेल तर घोडं पेंड खातं कुठं? पोटात. घोड्याचं पोट ही त्याची शेगडी आहे. जठर लहान, पण मागचं आंधळं आतडं साधारण ३० लिटरचं आणि मोठं आतडं त्याहून दुप्पट-अडीचपट. या पिंपांमध्ये अब्जावधी जिवाणू वाळक्या गवताचे चिवट तंतू आंबवत बसलेले असतात. त्या आंबण्यातून घोड्याला ताकद मिळते आणि भरपूर उष्णताही बाहेर पडते. थंडी वाढली की आपला हात सवयीने चंदीकडे जातो, दोन मुठी हरभरा-ओट जास्त घालावेत असं वाटतं. पण दाणे बहुतेक लहान आतड्यातच पचतात, त्यांची आच त्या मानाने कमी. शिवाय एकदम जास्त दाणे पडले तर मागची जिवाणूंची वसाहत बिघडते. शेगडी पेटती ठेवायला हवी ती वैरण.

हिशोब असा: ५०० किलोच्या घोड्याला रोज आठ ते दहा किलो वाळलं गवत लागतं. सीमारेषेखाली पारा दर अंशाने घसरला की इंधनाची गरज सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते. उणे २५ अंशांच्या रात्री ती पावपट वाढते, म्हणजे दोन-अडीच किलो गवत जास्त. तेही शक्यतो संध्याकाळी उशिरा, म्हणजे पहाटेच्या कडाक्यात पोट काम करत असेल.

इथे पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही. नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठ्यांची छावणी तिथे अडकली, रसद तुटली, आणि माणसांबरोबर घोडीही उपाशी राहिली. पानिपतची थंडी अल्बर्टाच्या पासंगालाही पुरत नाही. पण सीमारेषा कायमची आखलेली नसते. पोट रिकामं आणि अंगावरची चरबी झडलेली असेल, तर ती झपाट्याने वर सरकते. दक्खनेतून गेलेल्या घोड्याला जी थंडी एरवी नुसती बोचली असती, ती वैरणीवाचून त्याचं मांस खाऊ लागते.

दुसरं संकट तहानेचं, आणि माझ्या मते हिवाळ्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. कुरणातल्या हिरव्या गवतात ८० टक्के पाणीच असतं. वाळक्या गवतात जेमतेम १०-१५ टक्के. घोडा कुरणातून गव्हाणीवर आला की चरताना पोटात जाणारं पाणी बंद होतं, आणि नेमक्या त्याच वेळी हौदावर बर्फाची साय धरते. बर्फगार पाणी घोडा कमी पितो. मोठं आतडं ओटीपोटात एके ठिकाणी केसांच्या पिनेसारखं वळतं आणि तिथेच अरुंद होतं. कोरडा चोथा तिथे अडकला की पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे वरून सुटका नाही. तो पाय झाडतो, पोटाकडे वळून पाहतो, लोळतो. लीद कमी आणि कडक होऊ लागली की त्याच दिवशी सावध व्हायला हवं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात तट्टांना गोठत्या पाण्याऐवजी कोमट पाणी दिलं, तर ती सुमारे ४० टक्के जास्त प्यायली. गंमत पुढेच आहे. दोन्ही बादल्या शेजारी ठेवल्या, तर तट्टं गार बादलीकडेच गेली आणि पुन्हा कमी प्यायली. म्हणजे हौद कोमट करायचा तर गार पाण्याची दुसरी सोय जवळ ठेवू नये. सोबत रोज २५-३० ग्रॅम मीठ पोटात गेलं की तहान आपोआप लागते.

‘बर्फ आहे की सगळीकडे, खाईल तो,’ असं म्हणणारे लोक भेटतात. सवयीचे घोडे बर्फ खातातही. पण एक किलो बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला जवळजवळ १२० किलोकॅलरी खर्च होतात. दिवसाचं ३० लिटर पाणी असं मिळवायचं तर साडेतीन हजारांहून अधिक. ५०० किलोच्या घोड्याच्या रोजच्या गरजेचा हा पाचवा हिस्सा झाला. कामाच्या घोड्याकडून इतका कर वसूल करणं परवडत नाही.

सायबेरियातल्या याकूत घोड्यांची गोष्ट निराळी. उणे ५० अंशांतही ते उघड्यावर राहतात आणि खुरांनी बर्फ उकरून खालचं गवत खातात. २०१५ च्या जनुकीय अभ्यासानुसार त्यांचे पूर्वज याकूत लोकांबरोबर तिथे पोचले त्याला फार तर ८०० वर्षं झाली. एवढ्या थोड्या काळात आखूड पाय, जाड केस आणि थंडीशी जुळवून घेणारं शरीर तयार झालं. शेटलंड तट्टं आणि मंगोलियाचे रानघोडे हिवाळ्यात अंगातली आचच मंद करतात, कातडीखालचं तापमान उतरू देतात आणि कमी हालचालीवर दिवस काढतात. आपल्या घोड्याकडून ही अपेक्षा ठेवायची नसते.

तिसरी चूक मायेपोटी होते. रात्री गारठा नको म्हणून तबेल्याच्या खिडक्या-झरोके गच्च बंद केले जातात. मूत्रातून सुटणारा अमोनिया, वैरणीची धूळ आणि बुरशीचे बीजाणू मग आतच फिरत राहतात. सकाळी दार उघडताच माणसाचे डोळे चुरचुरले, तर रात्रभर खाली नाक घालून उभ्या असलेल्या घोड्याच्या फुप्फुसांचं काय झालं असेल, याची कल्पना करा. हिवाळ्यातला चिवट खोकला बऱ्याचदा गारठ्याने नव्हे, या कोंदटपणाने येतो. झरोके उघडे ठेवून वैरण पाण्यात बुडवून दिली तरी फरक पडतो.

आणि बांधून ठेवू नये. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांचं जुनं उत्तर एकच: न फिरवल्याने. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायूच नसतात, फक्त हाडं आणि कंडरा. तिथलं रक्त आणि लसीका वर चढायला प्रत्येक पावलागणिक खुराचा दाब उपयोगी पडतो. दिवसभर उभ्या घोड्याचे पाय म्हणूनच सुजतात, आणि तासभर चालवलं की उतरतात. चालण्याने आतडीही हलती राहतात. रपेट मारून आणलेल्या घोड्याचा घाम मात्र केसांच्या मुळापर्यंत सुकल्याशिवाय त्याला बाहेर सोडू नये. खरारा करून केस पुन्हा उभे केले, की शेगडीवर झाकण बसलं.

खुरांकडे वळू. नाल ठोकलेल्या खुरात बर्फ भरतो, लोखंडाला चिकटतो आणि थर वाढत जाऊन तळव्याखाली गोळा तयार होतो. घोडा जणू उंच टाचांच्या चपला घालून निसरड्यावर चालतो, आणि सांधे मुरगळतात. बर्फाच्या देशांतले नालबंद नालेखाली बर्फ ढकलून देणारी फुगीर रबरी गादी बसवतात आणि पकडीसाठी कठीण धातूचे खिळे लावतात. काही मालक सरळ नाल काढून टाकतात. उघड्या खुरात बर्फ कमी साचतो, पण गोठलेल्या चिखलाच्या धारदार चाकोऱ्यांवर तळवा ठेचाळतो आणि पुढे आत पू धरतो. थंडीत खूर सावकाश वाढतो, तरी नालबंदाची फेरी चुकवू नये. सहा ते आठ आठवड्यांनी ती व्हायलाच हवी.

लठ्ठ किंवा म्हाताऱ्या, इन्सुलिनचा तोल बिघडलेल्या घोड्यांत एक गूढ दुखणं दिसतं: कडाक्याच्या थंडीत ते अचानक पाय टाकेनासे होतात, खूर मात्र गरम लागत नाही. थंडीत खुराकडचा रक्तपुरवठा आवरता घेताना या घोड्यांच्या शिरा नीट साथ देत नसाव्यात, असा अंदाज आहे. पायांना उबदार पट्ट्या बांधल्या की अनेकांना आराम पडतो. अशा घोड्यांना दहिवर गोठलेल्या, उन्हात चमकणाऱ्या सकाळी कुरणात सोडू नये. गारठ्यात गवताची वाढ थांबते पण उन्हात साखर बनणं चालूच राहतं. ती साखर पात्यात साठते, आणि खुरांच्या आतल्या पडद्यांना महागात पडते.

डोळ्यांवर मात्र विसंबू नका. तीन इंच केसांखाली बरगड्या मोजता येतील इतका सुकलेला घोडा लांबून गुबगुबीत दिसतो. १९८३ साली टेक्सासमधल्या हेनेके यांनी घोड्याचा बांधा एक ते नऊ अंकांत मोजायची पद्धत मांडली. तीत बघण्याइतकंच चाचपण्याला महत्त्व आहे. दर पंधरा दिवसांनी हातमोजा काढायचा, बोटं केसांत खुपसायची आणि बरगड्यांवरून फिरवायची. थोडं दाबल्यावर बरगडी लागली तर ठीक. न दाबता लागली तर गव्हाणीत वैरण वाढवायची आणि दात तपासून घ्यायचे, कारण म्हातारा घोडा बऱ्याचदा गवत चघळून गोळे खाली टाकतो आणि मालकाला वाटतं तो खातोय.

हिवाळ्याचा पुरावा नंतरही सापडतो. खुराची भिंत वरून, केसांच्या रेषेपाशी तयार होते आणि महिन्याला सात-आठ मिलिमीटर खाली सरकते. जानेवारीत आजारपण आलं, ताप चढला किंवा वैरण एकदम बदलली, तर तिथे आडवी वळी उमटते. ती वळी खुराच्या पुढच्या टोकाला जमिनीपर्यंत पोचेतो वर्ष होत येतं. नालबंद पाय मांडीवर घेऊन ती छाटून टाकतो, तेव्हा बहुधा पुढच्या वर्षीचा बर्फ पडायला लागलेला असतो.