अडगळ आवरणे : गोव्यातील घरे आणि कामाच्या जागा

वापरात नसलेल्या, मोडक्या, गरजेपेक्षा जास्त झालेल्या किंवा कोणी निर्णयच न घेतल्यामुळे पडून राहिलेल्या वस्तू बाहेर काढणे आणि उरलेल्यांना ठरलेली जागा देणे, याला अडगळ आवरणे म्हणतात. झाडलोट हा त्यातला लहानसा भाग. मुख्य काम निर्णयाचे असते : ही वस्तू कोणाची, किती दिवस ठेवायची आणि नंतर ती कुठे जाणार.

गोव्यात हा प्रश्न हवेपासून सुरू होतो. राज्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भिंतीला टेकवलेली पेटी, कपाटावर रचलेले खोके यांच्यामागे वारा फिरत नाही. तिथे बुरशी धरते. कसर कागदाचा वरचा पापुद्रा खाते, वाळवी आतून पोखरते. माळ्यावरचा वह्यांचा गठ्ठा बाहेरून शाबूत दिसतो, उचलला की वजन लागत नाही आणि दोरी सोडताच मातीचा भुगा सांडतो. बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म किडे दम्याच्या रुग्णांना सर्वांत जास्त छळतात. परसातली अडगळ त्याहून घातक. करवंटी, फुटकी बालदी, जुना टायर यांत साचलेल्या थोड्याशा पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. ही अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. त्यामुळे पाणी ओतून दिले म्हणजे झाले, असे नाही. भांडे घासावे लागते किंवा परसातून कायमचे हलवावे लागते, आणि तेही मे महिन्यातच.

घरात भरपूर सामान असणे हे मात्र गोव्यात अडगळीचे लक्षण मानता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या जिनसांना पुरुमेंत म्हणतात : सुकी मासळी, सोलां (वाळवलेली आमसुले), चिंच, मिरच्या, गूळ, कांद्याच्या माळा, तांदूळ, जळाऊ लाकूड. यासाठी कोठी, माळा, बरण्या सगळे भरून जाई. पण या साठ्याची मुदत ठरलेली असे. पावसात तो उतरत जाई आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुमारास रिकाम्या बरण्या धुऊन पालथ्या पडत. भरणे आणि रिते होणे हे एकाच वर्षात घडत होते. आजच्या घरातल्या प्लास्टिकच्या डब्यांना, पार्सलच्या खोक्यांना, बंद पडलेल्या मोबाइलना आणि त्यांच्या चार्जरना अशी मुदत नाही, आणि आजची बहुतेक अडगळ तिथूनच निर्माण होते.

सणांची आवराआवर जुनीच आहे. हिंदू घरांत चवथीआधी रंगसफेदी होते, गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या माटोळीची जागा मोकळी करतात. ख्रिस्ती घरांत गावच्या फेस्ताआधी, म्हणजे चर्चच्या सणाआधी, आणि नाताळाआधी तेच चालते. यातून घर उजळते हे खरे. तरी ही आवराआवर बरेचदा पाहुण्यांच्या नजरेपुरती राहते : बाहेरची खोली लख्ख होते आणि नको असलेले सामान आतल्या खोलीत सरकते. ज्या खोलीचे दार सणाच्या दिवशी लोटून घ्यावे लागते, खरे काम त्याच खोलीत असते.

मनावरच्या परिणामांचा अभ्यासही झाला आहे. लॉस एंजेलिसमधील नोकरदार जोडप्यांवरचा डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेट्टी यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घराचे वर्णन पसारा, अर्धवट कामे अशा शब्दांत करणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. पसाऱ्यामुळेच ताण येतो की ताणामुळे पसारा होतो, हे त्यावरून ठरत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील २०११ च्या संशोधनाने नजरेसमोरच्या अनेक वस्तू मेंदूच्या दृष्टीकेंद्रात एकमेकींशी स्पर्धा करतात असे दाखवले. दुसरी बाजूही आहे : कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगांत अस्ताव्यस्त खोलीतल्या लोकांना जास्त नव्या कल्पना सुचल्या. त्यामुळे चित्रकाराच्या किंवा सुताराच्या टेबलावर नियम लादण्यात अर्थ नाही. वस्तू टाकवतच नाही, टाकायच्या विचारानेही जीव कासावीस होतो आणि घरात वावरायला जागा उरत नाही, अशी अवस्था मात्र वेगळी. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ पासून साठवणुकीचा विकार म्हणून तिची स्वतंत्र नोंद केली आहे. अशा माणसाच्या पाठीमागे त्याचे घर रिकामे करणे ही क्रूरता ठरते. त्याला उपचार हवेत.

गोव्यातल्या जुन्या घरांची खरी गाठ मालकीत आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली. तिच्या परंपरेत पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात आणि मुलांचा वारसाहक्काचा ठरावीक वाटा मृत्युपत्रानेही हिरावता येत नाही. वाटणीसाठी संपत्तीची यादी करण्याची इन्व्हेंटरीची प्रक्रिया आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आहे. ती पूर्ण होईपर्यंत मधे अंगण असलेल्या राजांगणाच्या घरातले शिसवी कपाट, समया, पाणी तापवायचे तांब्याचे भाण हे सगळे मुंबईतल्या, आखातातल्या आणि पोर्तुगालमधल्या भावंडांचेही असते. घरात राहणारी वहिनी किंवा काकी ते वर्षानुवर्षे पुसत राहते. टाकायचा अधिकार तिला नसतो आणि राखायचे ओझे तिच्यावरच. इथे उपयोगी पडते ती साधी गोष्ट : प्रत्येक वस्तूचा फोटो काढून यादी करावी, ती सगळ्या वारसांना पाठवावी आणि कोणाला काय हवे ते ठरलेल्या तारखेपर्यंत लेखी मागावे. वाद घरापेक्षा वस्तूंवरून जास्त पेटतात, म्हणून यादीआधी एकही भांडे बाहेर जाऊ नये.

जुन्या कागदांच्या बाबतीत घाई करूच नये. जमिनीचे उतारे, गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या संस्थेची कागदपत्रे, पोर्तुगीज दस्त, मोडीतली पत्रे भंगारात गेली की घराण्याचाच नव्हे तर गावाचाही पुरावा जातो. लिपी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय गठ्ठा सोडू नये. पणजीतील राज्य पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ मध्ये झाली, आणि तिथे जपलेल्या कागदांवर आजही संशोधन चालते. वस्तूंबाबतही तसेच. बाणावलीचे गोवा चित्र हे संग्रहालय २००९ मध्ये खुले झाले. व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी गावोगावच्या लोकांना नकोशा झालेल्या शेतीच्या आणि घरगुती वस्तूंमधून ते उभे केले. नांगर, रहाट, घाणे असे ४,००० हून अधिक नग तिथे आहेत.

कामाच्या जागी गोव्यात हवामानच मुदत घालून देते. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरती उपाहारगृहे, पावसाळ्याआधी, मेअखेर, मोडून वाळू मोकळी करावी लागते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत ट्रॉलर धुऊन निघतात, जाळी उसवून पुन्हा विणली जातात, निकामी दोर आणि फ्लोट वेगळे काढले जातात. गॅरेज आणि छापखान्यांत दसऱ्याच्या पूजेसाठी हत्यारे उतरवली की वर्षभराचा गंज बाहेर येतो. कार्यालयांना असा पाऊस भेटत नाही, म्हणून तिथे कायद्याची मुदत पाहावी : कंपन्यांना हिशेबाची पुस्तके ८ वर्षे ठेवावी लागतात, जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. खटला किंवा चौकशी चालू नसेल, तर त्यापुढच्या फायली बहुधा भीतीपोटीच ठेवलेल्या असतात. केंद्र सरकारची कार्यालये २०२१ पासून दर ऑक्टोबरात जुन्या फायली आणि भंगार काढण्याची मोहीम राबवतात. कारखान्यांत जपानमधून आलेली, कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची फाइव्ह एस पद्धत चालते. तिची पहिली पायरी नको ते वेगळे काढण्याचीच आहे.

बाहेर काढलेले सामान कुठे जाते, यावर या कामाची किंमत ठरते. परसात जाळणे किंवा घाटाच्या वळणावर गोणी सोडून देणे म्हणजे आपली अडगळ शेजाऱ्याच्या छातीत आणि ओहोळात टाकणे. पत्रा, पितळ, रद्दी भंगारवाला नेतो. पण गावोगावच्या भंगारअड्ड्यांना आगी लागतात, म्हणून गॅस सिलिंडर, रंगाचे डबे आणि बॅटऱ्या त्या ढिगात देऊ नयेत. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, आणि पंचायतींचे व पालिकांचे कामगार दारावर येऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात. मुदत संपलेली औषधे, ट्यूबलाइट आणि तुटलेली काच वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून, वर नाव लिहून त्यांच्या हाती द्यावी. ते पुढे हातानेच वेगळे करतात.