रेंज फुल, पण नेट नाही

शहरातल्या कुठल्याही सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची दहा-पंधरा नावं सहज दिसतील. आपल्या नावापुढच्या रेघा पूर्ण असतात, तरी व्हिडिओ अडकतो. मग शिव्या खातो तो नेटवाला. दर वेळी तो दोषी असतोच असं नाही.

त्या रेघांवरून फक्त राउटरचा सिग्नल फोनपर्यंत किती जोरात पोचतोय तेवढं कळतं. राउटरच्या पलीकडे नेट आहे का, याचा त्यांना पत्ता नसतो. शिवाय किती सिग्नलला किती रेघा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

खरी अडचण गर्दीची. वायफाय ज्या रेडिओ लहरींवर चालतं, त्यांतला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना वापरता येतो, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस सगळे तिथेच. या पट्ट्यातले चॅनल, म्हणजे त्याचे क्रमांक दिलेले कप्पे, एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत, आणि राउटरला लागते निदान २० मेगाहर्ट्झची जागा. म्हणून एकमेकांना न छेदणारे चॅनल तीनच धरतात: १, ६ आणि ११. वायफायची उपकरणं ग्रामसभेतल्या शहाण्या माणसांसारखी वागतात. आधी ऐकतात, कुणी बोलत असेल तर थांबतात. शेजारी ६ वर असेल आणि आपणही ६ वर, तर दोघं पाळीपाळीने बोलतात. आपण हुशारी करून ‘मोकळा’ ४ निवडला, तर मात्र एकमेकांचं बोलणं नुसता गोंगाट ठरतं आणि दोघांचंही बिघडतं.

मायक्रोवेव्ह ओव्हन तर थांबतच नाही. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. आतली ताकद ७००-८०० वॅट, राउटरची वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यामुळे दारातून झिरपलेला किंचित अंशही पुरेसा त्रास देतो. (माणसाला त्याचा धोका नाही.) गंमत म्हणजे अनेक ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनात अर्धा वेळच लहरी सोडतात. सेकंदाला ५० वेळा मिळणाऱ्या त्या फटींतून डेटा कसाबसा निसटतो.

वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ओव्हनचा हा त्रास नाही, चॅनलही भरपूर. भारतात २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग बिनपरवाना खुला झाला. पण या लहरी भिंतींमध्ये जास्त विरतात. आरसीसीची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा मध्ये आला की रेघा धडाधड उतरतात. मला मात्र हा दोष निम्मा गुणच वाटतो, कारण शेजाऱ्याचा सिग्नलही त्याच भिंतीत अडकतो.

दुसरा राउटर बसवूनही बेडरूममध्ये नेट रडतं, त्याचं कारण बहुधा फोनच असतो. कोणत्या राउटरला धरायचं, हा निर्णय शेवटी फोन घेतो, आणि अनेक फोन हॉलमधला क्षीण सिग्नल तुटेपर्यंत सोडत नाहीत. अशा वेळी वायफाय बंद करून चालू केलं की फोन नव्याने शोध घेतो आणि बहुतेकदा जवळचा राउटर पकडतो. टीव्ही काही घरभर फिरत नाही. त्याला सरळ केबल जोडावी, म्हणजे हवेतली तेवढी जागा फोनला मोकळी होते.