मधल्या सुट्टीत बसायचं कुठे?

७ फेब्रुवारी २०२२ ला गुजरातेत पहिली ते नववीचे वर्ग पुन्हा भरले आणि २१ तारखेपासून ऑनलाइनची सोयही बंद झाली. तोवर शाळा कितीदा उघडल्या नि कितीदा मिटल्या, हे बडोद्यातल्या पालकांना तोंडपाठ झालं होतं. १६ मार्च २०२० ला कोविडच्या साथीमुळे बंद. मग मास प्रमोशन, म्हणजे परीक्षेविना सगळे वरच्या वर्गात. २०२१ च्या जानेवारीत दहावी-बारावी, फेब्रुवारीत सहावी ते आठवी, लगेच दुसरी लाट आणि सगळं ठप्प. नोव्हेंबरात पहिली-दुसरीची पोरं आयुष्यात पहिल्यांदा शाळेची पायरी चढली, आणि जानेवारीत परत कुलूप. दर वेळी शाळेकडून पालकांच्या मोबाइलवर सूचनापत्र यायचं. बाकावर किती मुलं, मास्क कुठला, संमतिपत्रावर सही कुणाची, सगळं त्यात असायचं. रिसेसचं काय, ते मात्र फोन करून विचारावं लागायचं.

उत्तरं शाळेगणिक वेगळी होती. कुणी रिसेसच उडवली आणि तीन तासांत मुलांना घरी धाडलं. कुणी सांगितलं, डबा देऊ नका, फक्त पाण्याची बाटली द्या. कुणी डब्याला परवानगी दिली, पण बसल्या बाकावर, तोंड फळ्याकडे, न बोलता. दांडिया बाजाराकडच्या एका शाळेत बाईंनी वर्गाचे दोन भाग पाडले होते: उजवीकडची रांग खात असताना डावीकडची मास्क लावून बसायची, मग उलट. डाव्या रांगेतला एक मुलगा पूर्ण वेळ शेजारच्याच्या डब्यातल्या थेपल्यांकडे बघत होता. नियम काटेकोर पाळला गेला, एवढं खरं.

हा गोंधळ साथीमुळे दिसला, पण साथीनं घातलेला नव्हता. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेच्या इमारतीत काय काय हवं, याची यादी त्याच्या परिशिष्टात आहे: शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांची खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण, आणि मध्यान्ह भोजन शिजवण्यासाठी स्वयंपाकघर. शिजवायची जागा कायद्यात आहे. बसून खायची नाही. मुलं वर्गात, पडवीत, नाहीतर लिंबाखाली बसतील, हे इतकं गृहीत धरलेलं होतं की लिहायची गरजच कुणाला वाटली नाही.

हे गृहीत फार जुनं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केलं. त्या शाळांत जेवणाचा प्रश्नच नव्हता. मूल घरून जेवून यायचं किंवा दुपारी घरी जाऊन जेवायचं. शिवाय चार जातींच्या मुलांनी शेजारी बसून काही खाणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. सयाजीरावांनी अंत्यजांसाठी, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांसाठी, १८८० च्या दशकात शाळा काढल्या, पण त्या वेगळ्या होत्या, आणि तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात म्हणून सुरुवातीला मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी बडोद्यात आले आणि या शाळा व वसतिगृहांचं काम त्यांनी हाती घेतलं.

साताऱ्याच्या शाळेत लहानगे भीमराव आंबेडकर घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून लांब बसत. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, एरवी तहान मारायची. तेच आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आलं. त्यानंतर कमाटीबागेत ज्या झाडाखाली ते बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. २०२१ मध्ये शाळांच्या ओसरीवर चुन्यानं गोल आखून ‘अंतर राखा’ म्हटलं गेलं, तेव्हा काही घरांतल्या आजी-आजोबांना त्यात विषाणूपेक्षा जुनं काहीतरी दिसलं असेल, तर त्यांचं काय चुकलं?

शाळेनंच जेवू घालावं ही कल्पना दक्षिणेतून आली. मद्रास महापालिकेनं १९२० मध्ये एका शाळेत न्याहारी देऊन सुरुवात केली. १९५६ च्या सुमारास तेव्हाचे मुख्यमंत्री कामराज यांनी ती राज्यभर नेली आणि १ जुलै १९८२ ला एम. जी. रामचंद्रन यांनी तिला आजचं भव्य रूप दिलं. १९८४ मध्ये माधवसिंह सोळंकींच्या कारकिर्दीत गुजरातनं मध्यान्ह भोजन सुरू केलं. या बाबतीत आपलं राज्य देशात फार पुढे होतं. केंद्राची योजना त्यानंतर अकरा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ ला आली. तीत बहुतेक राज्यांनी जेवणाऐवजी महिन्याला तीन किलो धान्य वाटून मोकळं व्हायचं ठरवलं. ते धान्य घरी जायचं, म्हणजे मुलांनी एकत्र बसण्याचा प्रश्नच येत नव्हता. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की शाळेत शिजवलेलं जेवणच द्या, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनांचं, वर्षातून किमान २०० दिवस. इथून पंगत बसली.

पंगत बसली की कोण कुणाशेजारी बसणार हेही आलंच. स्वयंपाकीण दलित आहे म्हणून मुलांनी ताट सारल्याच्या, मुलांना वेगळ्या रांगेत बसवल्याच्या बातम्या देशभरातून येत राहिल्या, अजूनही येतात. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयानं स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासी स्त्री-पुरुषांना प्राधान्य द्यायला सांगितलं, ते यामुळेच. मध्यान्ह भोजनाचं मोजमाप नेहमी कॅलरीत आणि हजेरीत होतं. माझ्या मते त्यानं केलेलं मोठं काम वेगळं आहे: एका सतरंजीवर, ठरवून, रोज, सगळ्यांना बसवलं.

बडोद्यात नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या कुठल्याही शाळेत दुपारी गेलात तर हे दिसतं. शहरातल्या बऱ्याच शाळांत स्वयंपाक होत नाही; मोठ्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून टेम्पो येतो, स्टीलचे झाकणबंद डबे उतरतात. मुलं ताटल्या घेऊन पडवीत भिंतीला पाठ लावून दोन रांगांत बसतात. खिचडी गरम असली तर आधी कडेची खातात. कुणाच्या घरचा वाढदिवस किंवा पुण्यतिथी असली की तिथिभोजन. त्या दिवशी सुखडी नाहीतर शिरा-पुरी असते आणि आठवीची मुलं वाढायला पुढे. तिथिभोजन ही गुजरातची देणगी; नंतर केंद्रानं ती इतर राज्यांनाही सुचवली. शेवटी नळावर ताटल्या धुवायची गर्दी. साथीच्या नियमांना ही सगळी दृश्यं एकेक करून चालणार नव्हती: रांग, वाढपी मुलं, नळ.

त्यात कायद्याचीच एक अडचण होती. ३० सप्टेंबर २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांत स्पष्ट म्हटलंय की जेवण शाळेतच द्यायचं. हेतू चांगला होता, धान्य घरी गेलं तर ते मुलाच्या पोटात जाईलच असं नाही. त्याच नियमांत, काही कारणानं जेवण देता आलं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यावा, अशीही तरतूद होती. ती दोन-चार दिवसांच्या खंडासाठी केलेली; दोन वर्षं तिच्यावर काढावी लागतील असं कुणाच्या मनातही नव्हतं. १८ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं आपणहून दखल घेऊन राज्यांना विचारलं, शाळा बंद असताना मुलांच्या जेवणाचं काय करताय? मग धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाचे पैसे असा भत्ता सुरू झाला. मे २०२१ मध्ये केंद्रानं आणखी एकदा, सुमारे ११ कोटी ८० लाख मुलांसाठी १,२०० कोटी रुपये जाहीर केले. डोकी मोजली तर मुलामागे शंभराची नोट. २००१ पूर्वी जिथे होतो तिथे आपण परत आलो: धान्य घरी, सतरंजी कपाटात.

आता, डब्याची वेळ डॉक्टरांना एवढी अवघड का वाटत होती? मास्क काढल्याशिवाय खाता येत नाही, एवढ्या साध्या गोष्टीपाशी सगळं अडतं. बोलताना, खोकताना उडणाऱ्या थेंबांतून रोग पसरतो, हे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फ्लुगे यांनी १८९० च्या दशकात दाखवलं. विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये मोठे थेंब लवकर खाली पडतात आणि बारीक थेंब सुकून हवेत तरंगत राहतात, असा भेद मांडला. यातल्या पहिल्या अर्ध्यावर ‘सहा फूट’ उभे राहिले. दुसरा अर्धा बराच काळ बाजूला पडला. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना कोविड हवेतून पसरत नाही असं ठासून सांगत होती, आणि वर्षभरानं तिला ते बदलावं लागलं. मधल्या काळात चीनमधल्या ग्वांगझूच्या एका हॉटेलाची गोष्ट गाजली. २४ जानेवारी २०२० ला तिथे शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवली, आणि त्यांतली मिळून दहा माणसं आजारी पडली. खिडक्या बंद होत्या, एसीचा झोत त्याच टेबलांवरून फिरत होता.

म्हणजे दोन बाकांत किती फूट, यापेक्षा खिडकी उघडी आहे का हा प्रश्न मोठा होता. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं, १९ मार्च २०२१ ला वर्गातलं अंतर सहा फुटांवरून तीनवर आणलं, पण जेवताना मात्र सहाच ठेवलं, कारण तेव्हा मास्क नसतो. तिथल्या शाळांना भोजनगृहं आहेत, तरी मुलांना जिममध्ये, वर्गात, अंगणात पांगवावं लागलं. जपानमध्ये मुलं पूर्वीपासून वर्गातच जेवतात. तिथल्या शालेय जेवणाची सुरुवात १८८९ ची, यामागाता प्रांतातली. त्यामुळे त्यांना जागा बदलावी लागली नाही, फक्त मुकाट्यानं जेवा असं सांगितलं गेलं.

उघड्यावर बसवणं हा उपायही नवा नाही. क्षयाच्या भीतीनं १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गच्या झाडीत खुली शाळा निघाली. अशक्त मुलं तिथे शिकत, जेवत, दुपारी झोपतही. १९०७ मध्ये लंडननं आणि १९०८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सनं तेच केलं. १९१८ च्या फ्लूमध्ये न्यूयॉर्कनं तर शाळा बंदच केल्या नाहीत. चाळींतल्या कोंदट खोल्यांपेक्षा मूल शाळेत बरं, असा तिथल्या आरोग्य खात्याचा हिशेब होता. आपल्याकडे झाडाखालची शाळा म्हणजे दारिद्र्याची खूण. त्यामुळे ज्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी बंद खिडक्यांचे एसी वर्ग मिरवले, त्यांना २०२२ मध्ये पडवी कुठून आणायची हा प्रश्न पडला. आणि समितीच्या जुन्या इमारतींत लांबच लांब पडव्या होत्या, पण तिथलं जेवण बंद होतं. अर्थात बडोद्याच्या एप्रिलमधल्या दुपारी पटांगणात बसून खा म्हणणं बर्लिनमध्ये म्हणण्याइतकं सोपं नाही. लिंबाची सावली सगळ्या वर्गाला पुरत नाही.

खाजगी शाळांतल्या डब्याचं वेगळंच. ८ सप्टेंबर २०२० ला आरोग्य मंत्रालयानं वही, पेन, खोडरबर, पाण्याची बाटली यांची देवघेव करू नका असं सांगितलं होतं. शाळांनी ती यादी डब्यापर्यंत वाढवली. आपल्या मराठी मुलांचं त्यात जास्त नुकसान, असं मी गमतीनं म्हणत असे. साबुदाण्याची खिचडी देऊन गुजराती मुलांच्या डब्यातली ढेबरं मिळवायचा बाजार बडोद्यात तीन पिढ्या चाललाय.

गुजरातेत शाळा भरल्यानंतरही शिजवलेलं जेवण लगेच आलं नाही. मुलं वर्गात आणि भत्ता खात्यात, असे काही आठवडे गेले. पुढे पडव्या पुन्हा भरल्या. जपाननं नोव्हेंबर २०२२ मध्ये जेवताना बोलू नका हे वाक्य आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकलं. आपल्याकडे काढायला तसं वाक्यच ठळकपणे नव्हतं, म्हणून बाकावर बसून खाण्याची सवय काही शाळांत तशीच राहिली. विचारलं तर बाई सांगतात, लक्ष ठेवायला सोपं पडतं. खरं आहे, फरशीही कमी खराब होते.

दरम्यान २९ सप्टेंबर २०२१ ला योजनेचं नाव बदलून पीएम पोषण झालं. पाच वर्षांसाठी सगळा मिळून सुमारे १ लाख ३० हजार कोटींचा खर्च मंजूर झाला. त्यात धान्य आहे, शिजवण्याचा खर्च आहे, स्वयंपाकी-मदतनिसांचं मानधन, वाहतूक, भांडीकुंडी, स्वयंपाकघर आणि कोठी, परसबागसुद्धा आहे. जेवायला बसण्यासाठी छप्पर बांधायचं असेल, तर मुख्याध्यापकांना अजूनही बहुधा आमदार-खासदार निधीकडे नाहीतर एखाद्या दात्याकडे जावं लागतं.