गोल्डफिशला खरंच ३ सेकंदच आठवतं?
‘गोल्डफिशची स्मरणशक्ती ३ सेकंदांची, त्याला गोल बाउल पुरतो, मुलांना जबाबदारी शिकवायला सोपा प्राणी’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. प्रत्यक्षात शिकलेली गोष्ट हा मासा काही महिनेही लक्षात ठेवतो. पडताळा घरीच घ्या. मुलाला रोज ठरल्या वेळी टाकीच्या एकाच कोपऱ्यात चिमूटभर खाणं टाकू द्या. काही आठवड्यांत मासा आधीच तिथे घुटमळू लागेल.

बाउलची अडचण मात्र पाण्याची. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया हा विषारी पदार्थ सोडतो. फिल्टरविना थोड्या पाण्यात तो झपाट्याने साठतो. पाणी नितळच दिसतं, हीच गोम! मत्स्यालयाच्या दुकानातल्या तपासणी किटचा रंग खरं सांगतो. नीट ठेवलेला गोल्डफिश १० वर्षंही जगतो, तेव्हा पाचवीतलं पोर कॉलेजात गेल्यावर टाकी कोण धुणार, तेही ठरवा.