क्रेन वाढते की चढते?

इमारत दहाव्या मजल्यावर असताना टॉवर क्रेन तिच्या वर दिसते, आणि चाळिसाव्या मजल्यावर गेली तरी वरच दिसते. ही उंची गाठायच्या दोन रीती आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते, कारण दोन्हींना ‘क्लाइंबिंग’च म्हणतात. माझ्या मते फरक साध्या मराठीत जास्त स्पष्ट होतो: बाहेरची क्रेन वाढते, आतली चढते.

बाहेरच्या क्रेनचा पाया जमिनीत असतो, तो शेवटपर्यंत हलत नाही. वाढतो तो मास्ट, म्हणजे जाळीदार लोखंडी खांब. त्याच्याभोवती एक पिंजरा बसवतात. पिंजऱ्यातला हायड्रॉलिक जॅक जिब (क्रेनचा लांब आडवा हात), केबिन, काउंटरवेट (मागचं तोल सांभाळणारं वजन) असा वरचा सगळा डोलारा उचलतो, खाली फट पडते, त्या फटीत मास्टचा नवा तुकडा सरकवून बोल्ट किंवा पिनांनी जखडतात. ठरावीक उंचीनंतर मास्ट इमारतीला पट्ट्यांनी बांधावा लागतो, नाहीतर तो इतका सडपातळ होतो की वाऱ्यापुढे टिकणार नाही.

यात सगळ्यात नाजूक गोष्ट तोल. जॅक चालू असताना वरचा डोलारा मास्टला जोडलेलाच नसतो. म्हणून हुकाला आधीच हिशेब केलेलं वजन टांगून ट्रॉली, म्हणजे जिबवर मागेपुढे सरकणारी हुकाची गाडी, नेमक्या अंतरावर उभी करतात, म्हणजे पुढची जिब आणि मागचं काउंटरवेट समतोल राहतात. इथे वजनाइतकंच अंतर महत्त्वाचं: 50 मीटरवरचे 2 टन आणि 10 मीटरवरचे 10 टन क्रेनला सारखेच जड, दोन्हीकडे वजन गुणिले अंतर 100 टन-मीटर. हे काम चालू असताना जिब फिरवायची नसते आणि वारा मंद असावा लागतो.

जोड किती मोलाचे असतात हे 27 एप्रिल 2019 ला अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये दिसलं. क्रेन उतरवताना मास्टच्या पिना वेळेआधीच काढल्या होत्या. वाऱ्याचा झोत आला, मास्ट कोसळला आणि चार माणसं गेली. त्यातली दोघं खालच्या रस्त्यावर गाडीत होती. क्रेन उतरवणं म्हणजे नुसतं आवरासावर करणं नव्हे, हे मला म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

आतली क्रेन बहुधा लिफ्टच्या शाफ्टमध्ये किंवा स्लॅबमध्ये ठेवलेल्या चौकोनी भोकात उभी असते. तिच्या मास्टची लांबी तेवढीच राहते. वेगवेगळ्या मजल्यांवरच्या पोलादी चौकटी मास्टला धरून ठेवतात. काही मजले झाले की जॅक अख्खी क्रेन, मास्टसकट, वर ढकलतो आणि तिचा भार वरच्या मजल्यावरच्या तुळयांवर टेकवतात. म्हणजे क्रेनचं ओझं इमारतच पेलते, त्यामुळे त्या जागचं काँक्रीट पुरेसं मुरल्याशिवाय चढाई करता येत नाही. शाफ्ट अडतो, भोकं मागाहून बुजवावी लागतात. पण उंचीबरोबर मास्ट लांबवावा लागत नाही, आणि मधोमध असल्याने जिब चारही बाजूंना पोचते. अतिउंच इमारतींसाठी मला हीच रीत पटते.

रस्त्यावरून ओळखायचं तर मास्टकडे बघा. इमारतीला चिकटून जमिनीपर्यंत आला असेल तर ती वाढणारी; छतातूनच उगवल्यासारखा दिसला तर चढणारी.

वाढणारी क्रेन एकेक तुकडा काढत खाली येते. चढणारीला परतीची वाट नसते, कारण तिच्याखाली स्लॅब भरलेला असतो. मग छतावर डेरिक, म्हणजे साधी लहान क्रेन, बसवून हिला सुटी करतात, डेरिक मोठी असेल तर तिच्यासाठी आणखी लहान आणतात, आणि शेवटच्या डेरिकचे सुटे भाग लिफ्टने खाली जातात.