किरणं कमी पडली तर?

ठाण्याच्या तलावपाळीवरून बाटलीभर पाणी आणायचं, त्यात वाळलेल्या गवताच्या चार काड्या टाकायच्या आणि पाच-सहा दिवस घरात झाकून ठेवायचं. वास सुटला की समजायचं, पाण्याला जीव आला. त्यातला एक थेंब शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर बहुधा चपलेच्या आकाराचा, अंगावरच्या केसांनी सुळसुळ वल्ही मारणारा पॅरामेशियम दिसतो. एकाच पेशीचा जीव, मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाहूनही लहान.

खाडीपलीकडे वाशीत किरणोत्साराचा उपयोग नेमका उलट कामासाठी, म्हणजे जिवाची वाढ थांबवण्यासाठी होतो. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किमान 400 ग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचं एकक) इतकी मात्रा देतात. कोयीत लपलेला भुंगा त्याने लगेच मरेलच असं नाही, पण त्याचा वंश तिथेच संपतो. माणसाला सगळ्या अंगावर एकदम 4-5 ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर वाचण्याची शक्यता निम्मी. आणि निसर्गाकडून आपल्याला मिळतं किती? जगाची सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट (अशा किरणांसाठी हजार मिलिसिव्हर्ट म्हणजे ढोबळमानाने एक ग्रे). आंब्याला काही मिनिटा-तासांत मिळणारी मात्रा या वेगाने गोळा करायला दीड लाखाहून जास्त वर्षं लागतील.

तेव्हा ही नैसर्गिक किरणं म्हणजे दर्यामें खसखस, असं कुणालाही वाटेल. फ्रान्समधल्या तुलूझचे संशोधक युबेर प्लानेल यांनी मात्र तीही काढून घेऊन पाहिली. पॅरामेशियमच्या नळ्या त्यांनी शिशाच्या जाड भिंतींआड ठेवल्या. खाणं तेच, तापमान तेच, फक्त बाहेरची किरणं कमी. अपेक्षेप्रमाणे काहीच व्हायला नको होतं, पण पेशींचं विभाजन मंदावलं. मग त्याच शिशाच्या पेटीत अगदी सौम्य गॅमा किरणं सोडली, तर वेग पुन्हा वाढला. मला या प्रयोगाचा हा दुसरा भाग जास्त आवडतो. कारण नुसती वाढ खुंटली असती तर शिशालाच दोष देता आला असता.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये जमिनीखाली सुमारे 650 मीटरवर मिठाच्या थरात एक प्रयोगशाळा आहे. मिठात युरेनियम-थोरियम फारच कमी, वरून येणारी वैश्विक किरणं खडकात अडतात. तरीही समाधान नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या पोलादाची खोली! अणुस्फोटांनंतर हवेत मिसळलेले किरणोत्सारी कण नंतरच्या पोलादात उतरले, जुन्यात नाहीत. अशा ठिकाणी दोन जिवाणू वाढवले. त्यातला एक होता डायनोकॉकस रेडिओड्युरन्स, हजारो ग्रे पचवणारा. म्हणजे किरणोत्साराची सर्वांत कमी पर्वा याला असायला हवी. पण किरणं घटल्यावर त्याचीही वाढ मंदावली आणि परत नेहमीच्या पातळीला आणल्यावर तो सावरला.

असं का व्हावं? एक तर्क असा: किरण पेशीतल्या पाण्यावर आदळला की ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. ते जास्त झाले तर डीएनएची वाट लागते. पण थोडेसे असतील तर दुरुस्ती करणारी विकरं (एन्झाइम) जागती राहतात. रिकाम्या बसलेल्या गवंड्यांचा हात जड होतो, तसं काहीसं. याच्याशी जुळणारा पुरावा 1984 मध्ये माणसाच्या पांढऱ्या पेशींतही मिळाला होता. आधी किंचित किरणोत्सार मिळालेल्या पेशींत पुढच्या मोठ्या माऱ्यानंतर गुणसूत्रं अपेक्षेपेक्षा कमी तुटली.

एवढं वाचून कुणी ‘ऊर्जा देणारी’ लॉकेटं घ्यायला धावू नये. 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने तपासलेली अशी काही लॉकेटं खरोखरच किरणोत्सारी निघाली. पॅरामेशियम दिवसातून एक-दोनदा दुभंगतो, त्याला कर्करोग होत नाही. आपल्या शरीरात एक बिघडलेली पेशी वीस वर्षं दबा धरून बसू शकते. म्हणून किरणोत्सारी कामाच्या जागी ‘थोडीसुद्धा मात्रा थोडा धोका’ हेच गृहीत धरतात, आणि मला ते योग्य वाटतं.

आपल्या तलावपाळीच्या पॅरामेशियमला मुळात कमीच मिळतं. ठाण्याखालचा काळा बेसाल्ट युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या बाबतीत गरीब. केरळात कोल्लमच्या किनाऱ्यावर थोरियम असलेली मोनाझाइटची वाळू पसरली आहे. तिथल्या डबक्यातला त्याचा भाऊबंद कितीतरी जास्त किरणांत पोहत असणार. दोन बाटल्या शेजारी ठेवून कोण लवकर दुभंगतं ते पाहण्याचा मोह होतो. पण एकदा त्या इथे एका टेबलावर आल्या की दोघांनाही किरणं ठाण्याचीच.