सहसंपादन, प्रकल्प-नोंद प्रणालीतील

प्रकल्पातील कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिकिटाला (एका कामाच्या नोंदीला) जोडलेली मजकुराची, तक्त्याची वा सादरीकरणाची फाइल उतरवून न घेता अनेकांनी एकाच वेळी ब्राउझरमध्ये संपादित करण्याची पद्धत. रेडमाइन किंवा जिरा यांसारख्या प्रणालींत असे संपादन करू देणारे सॉफ्टवेअर, म्हणजे संपादक, मुळात नसते. तो ओन्लीऑफिस किंवा कोलॅबोरा या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या वेगळ्या सर्व्हरवर चालतो व प्लगइनद्वारे, म्हणजे छोट्या पूरक जोडणी-सॉफ्टवेअरद्वारे, जोडला जातो.

सहसंपादनाच्या उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दिलेले प्रात्यक्षिक काही जण आरंभ मानतात. त्यात मेन्लो पार्कमधील सहकारी दुरून त्याच मजकुरावर काम करताना दिसला होता. मात्र दोघांसमोर एकाच संगणकातील एकच प्रत असल्याने दोन प्रती जुळवण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. संगणकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स एलिस व सायमन गिब्स यांचा १९८९ मधील शोधनिबंध आणि त्यातील ग्रोव्ह ही प्रणाली येथून आजच्या अर्थाचे सहसंपादन सुरू झाले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे क्रियांचे रूपांतर, ही कल्पना याच निबंधातील.

समजा, मजकूर ‘काम झाले’ असा आहे. एकाने आरंभी ‘सर्व’ व एक मोकळी जागा घातली. त्याच क्षणी दुसऱ्याने चौथ्या चिन्हानंतर (क, काना, म व मोकळी जागा यांनंतर) ‘पूर्ण’ व मोकळी जागा घातली. दुसऱ्याची क्रिया पहिल्याच्या प्रतीवर जशीच्या तशी लावली तर ‘सर्वपूर्ण  काम झाले’ असे (मध्ये दोन मोकळ्या जागा) होईल. म्हणून चारमध्ये पाच मिळवून ती नवव्या चिन्हानंतर लावावी लागते. (‘सर्व’मध्ये वाचकाला दोन अक्षरे दिसतात, यंत्र स, र, हलन्त आणि ‘व’ अशी चार चिन्हे मोजते, आणि पाचवी मोकळी जागा.) एलिस-गिब्स यांची मूळ रीत काही विशिष्ट क्रमांत चुकते, असे १९९० च्या दशकात लक्षात आले. पुढे सुचवलेल्या काही दुरुस्त्यांतही दोष आढळले. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील ज्युपिटर प्रणालीने (१९९५) क्रियांचा क्रम मधल्या सर्व्हरवर सोपवून गुंता बराच कमी केला. प्रत्येक चिन्हाला कायमची ओळख देणारा दुसरा मार्ग २००६ च्या सुमारास पुढे आला. २०११ मध्ये त्याला सीआरडीटी (कॉन्फ्लिक्ट-फ्री रेप्लिकेटेड डेटा टाइप, म्हणजे आपोआप जुळणाऱ्या प्रतींची रचना) या नावाने सैद्धांतिक चौकट मिळाली. कार्यालयीन दस्तऐवजांत शैली व सूत्रेही असल्याने काही संपादक चालू परिच्छेदच इतरांसाठी तात्पुरता अडवून ठेवतात. ही तडजोड असली तरी व्यवहारात उपयुक्त आहे.

जोडणीत वाद नाहीत, खाचखळगे आहेत. ओन्लीऑफिसच्या रचनेत नोंद-प्रणाली फाइलला एक संकेत (की, म्हणजे त्या प्रतीची ओळख) देते. तोच संकेत घेऊन आलेले सर्व जण एका बैठकीत, म्हणजे एकाच सामाईक संपादनात, येतात. शेवटच्याने खिडकी बंद केल्यावर साधारण १० सेकंदांनी सर्व्हर नवी प्रत तयार असल्याचे कळवतो आणि मगच तिकिटाची फाइल बदलते. मध्येच जतन करण्याची सोय वापरली नसेल, तर तोवर तिकिटावरून फाइल उतरवणाऱ्याच्या हाती जुनीच प्रत पडते. जतनानंतर संकेत न बदलल्यास संपादकही आपल्याकडची जुनी प्रत पुढे करू शकतो. कोलॅबोरा हे वोपी हा मायक्रोसॉफ्टने आखलेला संकेतनियम (प्रोटोकॉल, संगणकांमधील देवाणघेवाणीचा नियम) वापरते. त्यात फाइलवरील कुलूप नूतनीकरण न झाल्यास ३० मिनिटांनी आपोआप सुटते. संपर्क तुटलेल्या संपादकामुळे फाइल कायमची अडकू नये, हा हेतू.

फाइलस्वरूपांपैकी ओडीएफला (ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट) २००६ मध्ये व ओओएक्सएमएलला (ऑफिस ओपन एक्सएमएल) २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. ओन्लीऑफिसचा ओढा दुसऱ्याकडे आहे. लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरवर आधारलेल्या कोलॅबोराचा ओढा पहिल्याकडे आहे. त्यामुळे एकच तक्ता दोन्हींत उघडल्यास मांडणी थोडी सरकलेली दिसू शकते.